ऊसतोडीच्या कोप्यांवरचा वर्ग दर तीन वर्षांनी का बंद पडतो?

चिंचेचा पार | सोमवार, रात्री ११:४०

परवा रात्री अनोळखी नंबरवरून फोन आला. पलीकडे मुलगी होती, आवाजात थोडी धास्ती. "ताई, तुमचा नंबर पेटीच्या झाकणाला आतून चिकटवलेला होता, म्हणून लावला." पेटी कुठली, हे लक्षात यायला मला जरा वेळ लागला.

हिरव्या रंगाची पत्र्याची पेटी. २०११ साली आम्ही सहा जणांनी वर्गणी काढून घेतलेली. तेव्हा मी एफ.वाय. बी.एस्सी.ला होते. वारणेच्या पट्ट्यातलं कॉलेज, आणि मागच्या रस्त्याला कारखान्याच्या तळावर ऊसतोड कामगारांच्या कोप्या, म्हणजे बांबू-पाचटाच्या झोपड्या. हंगाम लागला की बीडकडच्या टोळ्या टायरगाड्या घेऊन यायच्या. पोरं दिवसभर तळावर नाहीतर फडात. मग आम्ही संध्याकाळी सात ते साडेआठ वर्ग सुरू केला. वर्ग म्हणजे काय, पाचटावर अंथरलेलं ताडपत्रीचं फाटकं, मध्ये एक चार्जिंगची बॅटरी, पंधरा-वीस पाट्या. मोठ्या मुली कडेवर धाकटं भावंड घेऊनच यायच्या. एका हातानं बाळाला थोपटत दुसऱ्या हातानं वजाबाकी करणारी एक मुलगी होती, हातचा कधी विसरायची नाही. लांबून बैलांच्या घुंगरांचा आवाज आला की वर्ग संपला, कारण बाप आला, बैल सोडायचे, पाणी दाखवायचं. घड्याळात काही का वाजलेले असेनात.

हा वर्ग आम्ही तीन हंगाम चालवला आणि पास होऊन निघून गेलो. वर्ग पुढच्याच वर्षी बंद. दोन वर्षांनी वेगळ्याच मुलांनी तो परत उभा केला, त्यांना आमची पेटीही सापडली म्हणे. २०१९ला तेही संपलं. मग कोरोना. २०२२ला पुन्हा कुणीतरी. आता ही मुलगी सांगते की तिघंच उरलेत, त्यातले दोघे टी.वाय.ला. "ताई, तुम्ही कसं चालू ठेवलं होतं?"

मी काय सांगणार? आम्ही चालू ठेवलंच नव्हतं. चालवलं होतं एवढंच.

तिच्याशी बोलल्यावर एक गोष्ट डोक्यात आली, जी तेव्हा कधी कळली नव्हती. टोळ्या येतात दसरा-दिवाळीच्या आसपास. नेमकी तेव्हा आमची सेमिस्टरची परीक्षा, मग सुट्टी, सगळे आपापल्या गावी. परत येऊन, सवंगडी गोळा करून वर्ग बसेपर्यंत डिसेंबर उजाडायचा. जानेवारीत गॅदरिंग आणि रासेयोचं, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजनेचं शिबिर. मार्च लागला की प्रॅक्टिकल. टोळ्या मार्च-एप्रिलला माघारी. म्हणजे पाच-सहा महिने पोरं तिथं असायची आणि धड वर्ग भरायचा तो जेमतेम आठ-नऊ आठवडे! आम्ही मात्र वर्षभर चालवतो असंच सगळीकडे सांगायचो.

इथे बऱ्याच जणांनी कॉलेजात असताना असले उद्योग केलेत, हे माहीत आहे. कुणाचं टिकलं का? कशानं? आणि नाही टिकलं तर कुठे फाटलं? त्या मुलीला येत्या रविवारी भेटायला जाणार आहे. हात हलवत जायचं नाहीये.

---

आडवा बोलणारा | सोमवार, रात्री ११:५८

मुळात टिकायलाच का हवं? विशीतल्या पोरांनी जोशात काहीतरी करावं, शिकावं, पुढे जावं. ऊसतोडीच्या मुलांना शाळा देणं हे सरकारचं आणि कारखान्याचं काम. साखरशाळा त्यासाठीच काढल्या होत्या ना? तुमचा वर्ग दरवर्षी नीट चालला असता तर त्यांना आयतीच पळवाट मिळाली असती. बंद पडला, बरं झालं म्हणत नाही, पण त्यासाठी रात्री बाराला जागायची गरज नाही.

---

निवृत्त मास्तर | मंगळवार, सकाळी ६:१५

आडवे, तुमचा मुद्दा अगदीच वाऱ्यावर सोडण्यासारखा नाही, पण त्याच्याकडे नंतर येतो.

राष्ट्रीय सेवा योजना २४ सप्टेंबर १९६९ला सुरू झाली, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षात, ३७ विद्यापीठांत आणि ४० हजार विद्यार्थ्यांना घेऊन. आमच्या आधीच्या पिढीतले लोक १९७३च्या 'दुष्काळाविरुद्ध युवक' शिबिरांच्या आठवणी सांगायचे. माझ्याकडे कार्यक्रम अधिकाऱ्याचं काम दोनदा आलं. कागदावरची व्यवस्था बघा. विद्यार्थ्याला दोन वर्षांत २४० तास काम आणि एक सात दिवसांचं विशेष शिबिर. कार्यक्रम अधिकाऱ्याची नेमणूक तीन वर्षांची, फार तर एक वर्ष वाढवून. म्हणजे पोरगा कुठे कामाला आला की त्याची दोन वर्षं भरतात, आणि मास्तरला गावातली माणसं नावानं ओळखायला लागली की त्याच्या जागी दुसरा येतो. ज्याची आठवण ठेवायची ते गाव तेवढं जागेवर असतं. आणि नोंदी कुठे? कॉलेजच्या कपाटात. त्या कपाटाची किल्ली शोधण्यात माझा पहिला महिना गेला होता.

आता माझा एक अनुभव. दत्तक गावात ओढ्यावर वनराई बंधारा घालायचो. सिमेंटची रिकामी पोती, त्यात माती-वाळू, तोंडं शिवून एकावर एक रचायची. खर्च जवळजवळ शून्य. पण शिबिर डिसेंबरअखेर, नाताळच्या सुट्टीत. तोवर ओढ्याची धार करंगळीएवढी झालेली असायची. पहिल्या वर्षी आम्ही असा देखणा बंधारा बांधला की फोटो पेपरात आला, आणि मागे पाणी साठलं घोट्याएवढं. गावातले एक आजोबा बंधाऱ्यावर बसून म्हणाले, "गुरुजी, वरातीनंतर घोडं आणलंत."

पुढच्या वर्षी मी प्राचार्यांशी भांडून वीस मुलांना ऑक्टोबरात तीन रविवार नेलं. शिबिराच्या हिशेबात ते बसत नव्हतं, नियमित तासांत दाखवलं. त्या वर्षी हरभऱ्याला एक पाणी जास्त मिळालं. आणि मग गंमत अशी झाली की गाव पोती जमवायला लागलं. कुणाचं घर बांधायला निघालं की रिकामी पोती देवळामागे. दसऱ्याच्या सुमारास सरपंचाचा फोन, "सर, पोती दीडशे झाली, पोरं कधी?" मी त्या कामातून बाहेर पडलो तरी हा फोन माझ्या जागी आलेल्या बाईंना जात राहिला. नऊ वर्षं चाललं हे. पावसाळ्यात बंधारा वाहून जायचा म्हणूनच चाललं, असं मला वाटतं. पक्का असता तर एकदाच फीत कापून मोकळे झालो असतो.

शेवटी जलसंधारणाच्या योजनेतून तिथे सिमेंटचा बंधारा झाला आणि आमचं काम थांबलं. आडवे, याला मी काम संपणं म्हणतो. ताईंचा वर्ग संपला नव्हता, तो पडला होता. टोळ्या अजून येतायत ना?

---

मु. पो. माणदेश | मंगळवार, सकाळी ९:०२

मी दुसऱ्या बाजूचा माणूस. आमचं गाव दत्तक आहे. नक्की कुणाला, यावर गावात एकमत नाही. एका वेळी तीन कॉलेजांचे बोर्ड वेशीवर होते, त्यातला एक आता आमच्या गोठ्याला आडोसा आहे.

माझ्या आजीचा किस्सा सांगतो. दर हिवाळ्यात पोरं सर्वेक्षणाचे फॉर्म घेऊन यायची. कुटुंबात किती जण, शौचालय आहे का, चूल की गॅस. सात-आठ वर्षांनी आजी इतकी तयार झाली की पोरगी ओट्यावर टेकायच्या आत सुरू: "माणसं सहा, संडास हाय, ग्यास हाय, म्हशी दोन, दारू कुणी पीत न्हाई, लिही म्होरं." दारूचं खोटं होतं, पण तेही दरवर्षी तेच. एकदा तिनं विचारलं, "बाय, मागल्या साली लिवून न्हेल्यालं हरवलं का?" ती पोरगी ओशाळली. तिला खरंच माहीत नव्हतं की मागच्या वर्षी कुणी आलं होतं.

तुम्ही लोक टिकण्याची चर्चा करता तेव्हा तुमच्या डोळ्यांपुढे तुमची संस्था असते, तुमची बॅच असते. गावाला बॅच कळत नाही. गावाला सगळी एकच 'कॉलेजची पोरं'. मागच्या पोरांनी दिलेला शब्द पुढच्यांच्या गळ्यात. तुम्हाला वाटतं नवी सुरुवात केली, आणि आम्ही जुनी उधारी मागत असतो.

पण टिकलेलं एक सांगतो. वीसेक वर्षांपूर्वी एका शिबिरात गावाचे रक्तगट तपासले. असं बऱ्याच गावांत होतं, यादी फायलीत जाते आणि फाईल शहरात. या पोरांतला एक जण जरा वेगळ्या डोक्याचा. त्यानं यादी मराठी शाळेच्या रस्त्याकडच्या भिंतीवर ऑइलपेंटनं रंगवली आणि डबा-ब्रश आमच्या वायरमनच्या हातात दिला. "काका, नवीन सून आली, कुणी गेलं, की तुम्ही बघायचं." वायरमनच का? कारण तो घरोघर फिरतो आणि त्याला शिडी आहे. वायरमन आता रिटायर झाला, त्याचा पुतण्या करतो. रात्री-अपरात्री अपघाताचा फोन आला की आमच्याकडे लोक आधी त्या भिंतीपुढे बॅटरी घेऊन उभे राहतात, कुणाला गाडीत घालायचं ते बघायला. तो रंगवणारा पोरगा परत कधी आला नाही. त्याची गरजही लागली नाही.

---

खोली नंबर १२ | मंगळवार, दुपारी १:३०

मी सध्या इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, आमच्याकडे अशीच एक अभ्यासिका चालते, वस्तीतल्या आठवी-नववीच्या मुलांसाठी. आतली गोष्ट सांगतो.

व्हॉट्सॲप ग्रुपवर २१४ जण. शनिवारी येतात नऊ. "कोण कोण येतंय?" असं विचारलं की २१४ निळ्या टिका आणि चार अंगठे. सुरुवातीला नाव नोंदवायला झुंबड असते, कारण सर्टिफिकेट, आता तर क्रेडिटही. नंतर इंटर्नशिप, प्लेसमेंट, गेट.

पण माणसं कमी पडतात हे खरं दुखणं नाही. नऊ जणांत छान चालतं. पद हे दुखणं आहे. आमच्यात अध्यक्ष, उपाध्यक्ष, इव्हेंट हेड, सोशल मीडिया हेड असे चौदा हेड आहेत. प्रत्येक नव्या अध्यक्षाला रेझ्युमेवर लिहायला स्वतःचं काहीतरी हवं असतं. "मागच्यांनी सुरू केलेला वर्ग चालवला" याला मुलाखतीत कोण विचारतं? मग दरवर्षी नवा उपक्रम, नवं नाव, नवा लोगो. मागच्या वर्षी रोबोटिक्सची कार्यशाळा झाली. वस्तीतल्या मुलांना गणितात अपूर्णांक येत नव्हते, आम्ही त्यांना सेन्सर शिकवला.

आणि आमच्याकडे सूत्रं सोपवतात मे महिन्यात, जेव्हा जाणारा परीक्षेत आणि येणारा गावाला. एक गूगल ड्राइव्हची लिंक मिळते. ती जाणाऱ्याच्या कॉलेजच्या मेलवर असते, आणि तो पास झाला की मेल बंद!

यंदा आम्ही जानेवारीतच सोपवलं. सेकंड इयरवाली शिकवते, मी मागे सतरंजीवर बसतो आणि गप्प राहतो. गप्प राहणं फार अवघड आहे हो. पण मी असतानाच तिची गाडी चार वेळा रुळावरून घसरली आणि चारही वेळा तिनंच सावरली. मी गेल्यावर घसरली असती तर वर्ग बंद झाला असता.

---

गवती चहा | मंगळवार, रात्री ९:४५

१२ नंबर, सतरंजीवर गप्प बसायचं आवडलं.

मी पुण्यातल्या 'मैत्री' संस्थेच्या मेळघाटातल्या धडक मोहिमेत दोन पावसाळे गेले आहे, पावसाळ्यात बाळं दगावू नयेत म्हणून असते ती. तिथेही आमच्यासारखी हौशी माणसंच जातात, तुकड्या तुकड्यांनी. पण पहिल्या तुकडीनं कुठल्या पाड्यावर कुठलं बाळ वजनात मागे आहे ते लिहून ठेवलेलं असतं आणि दुसरी तुकडी चिखल तुडवत थेट त्याच घरी जाते. त्या बाळाच्या आईला आम्ही नवखे वाटलो, पण आम्हाला बाळाचं नाव माहीत होतं. तेवढ्यानं दार उघडलं. जागेवर कायम राहणारी माणसं असल्यामुळे हे जमतं. चंद्रपूर जिल्ह्यातल्या सोमनाथची श्रमसंस्कार छावणीही त्यातलीच. बाबा आमटेंनी साठच्या दशकाच्या अखेरीला सुरू केलेली, दर मेमध्ये भरते. पोरं येतात, आठवडाभर घाम गाळतात, जातात. यजमान कायमचा आहे म्हणून पाहुणे बदलले तरी चालतं. किल्लारीच्या भूकंपानंतरही पाहा, १९९३ला मदतीला कोण नाही गेलं? पुण्याच्या ज्ञान प्रबोधिनीची मुलं-माणसं गेली, आणि त्याच भूकंपग्रस्त भागात हराळीला शाळा उभी राहिली, ती आजही आहे.

ताईंच्या तळावर अडचण ही की यजमानच फिरस्ता आहे. टोळी बदलते, पोरं बदलतात, विद्यार्थी बदलतात. मग त्या तळावर वर्षानुवर्षं न हलणारं आहे कोण? टोळी आणणारा मुकादम?

---

चिंचेचा पार | मंगळवार, रात्री १०:२०

मुकादम नको बाई. उचल, म्हणजे हंगामाआधीचे आगाऊ पैसे, त्याच्याकडून घेतलेली असते, त्यामुळे त्याच्यासमोर बायका तोंड उघडत नाहीत. आमच्या दुसऱ्या हंगामात मुकादमाला वर्ग आवडला, त्यानं कोपीशेजारी जागा करून दिली, बल्ब लावून दिला, आणि पोरांची संख्या निम्म्यावर आली. आम्हाला कारण कळायला महिना लागला.

न हलणारं कोण, हा प्रश्न चांगला आहे. मला आत्ता तरी सुचत नाही.

---

पाचट | बुधवार, पहाटे ५:१०

नाईट शिफ्ट सुटली, बसमध्ये वाचलं. पहिल्यांदाच लिहितोय इथं.

मी कोपीतला आहे. तुमच्या तळावरचा नाही, दुसऱ्या कारखान्याचा. आईबाप दोघं एक कोयता, म्हणजे तोडीची एक जोडी. चार हंगाम सांगली-कोल्हापूरकडं काढलेत. आमच्याकडं पण कॉलेजचे दादा-ताई यायचे.

आडवे साहेब, टिकायला का हवं ते सांगतो. पहिल्या वर्षी दादा लोकांनी मुळाक्षरं घेतली. मला येत नव्हती, आली. गावाकडं गेलो. दुसऱ्या हंगामात आलो, दादा नवीन. त्यांनी विचारलं, लिहिता येतं का? मी लाजाळू, मान खाली. झालं, परत अ आ इ. तिसऱ्या साली ताई आल्या, परत अ आ इ, शिवाय गाणं आणि टाळ्या. तिसऱ्या साली मी नऊ वर्षांचा होतो आणि मला गावच्या शाळेत भागाकार चालू झालेला. मी ताईंना म्हणालो नाही की मला येतं. त्या इतक्या आनंदानं शिकवत होत्या. मी बसून अ आ इ काढली. तिसऱ्यांदा.

तुम्हाला ते उपक्रम बंद पडला, परत सुरू झाला असं दिसतं. आम्हाला ते पहिलीत तीनदा नापास झाल्यासारखं होतं.

कुणीतरी एक कागद ठेवला असता, पोराचं नाव, गाव, काय येतं, एवढाच, तर माझी दोन वर्षं वाचली असती. आता सरकारचं शिक्षण हमी पत्रक असतं, पोरगं कुठं स्थलांतर करतंय आणि किती शिकलंय ते त्यावर असतं. पण ते पेटीत घडी करून ठेवलेलं असतं आईनं, आधार कार्डाबरोबर. तुमच्या त्या मुलीला सांगा, पहिल्या दिवशी आयांना ते मागायचं. काहींकडे असेल, काहींकडे नसेल. नसेल त्याची पाटी बघायची आधी, मग शिकवायचं.

मी आयटीआय केला, फिटर आहे. गाणं अजून पाठ आहे ते.

---

निवृत्त मास्तर | बुधवार, सकाळी ६:४०

पाचट, तुमची पोस्ट दोनदा वाचली. माझ्या कपाटातल्या फायलींमध्ये असे किती अ आ इ असतील, असा विचार करतोय.

---

आडवा बोलणारा | बुधवार, सकाळी १०:०५

ठीक आहे, माघार. सरकारचा मुद्दा सोडत नाही, पण उरलेलं मागे घेतो.

एकच खवचट शंका राहिली. 'नोंदी ठेवा' हे सगळेच सांगतात. नोंदी ठेवल्याही जातात. वाचतं कोण? माणदेशींच्या आजीची माहितीही कुठेतरी सात प्रतींत असेलच.

---

मु. पो. माणदेश | बुधवार, सकाळी १०:३१

बरोबर. म्हणून भिंत.

---

चिंचेचा पार | रविवार, रात्री १०:५५

जाऊन आले. सगळं लिहीत नाही, एकच गोष्ट सविस्तर सांगते.

ती मुलगी, तिची एक एफ.वाय.ची मैत्रीण आणि मी तळावर गेलो. टोळ्या यायच्यात अजून, तळ रिकामा. जुन्या कोप्यांचे बांबू काढून नेलेले, चुलीचे दगड तेवढे काळे. पेटी कुठे असते विचारलं तर म्हणाली, "अण्णांच्या दुकानात." तळाच्या तोंडाशी किराणा मालाचं दुकान आहे. आम्ही होतो तेव्हाही होतं. तिथे आम्ही फक्त गोळ्या-बिस्किटं घ्यायचो. २०१४ला निघताना पेटी कुठे ठेवायची हा प्रश्न आला तेव्हा कुणीतरी त्यांच्याकडे टाकली असणार, मला आठवतही नाही. एवढी वर्षं पेटी त्यांच्या तेलाच्या डब्यांमागे आहे. दोनदा दुकानाचा पत्रा बदलला, पेटी हलवली आणि परत ठेवली.

अण्णांनी मला ओळखलं. "आलासा व्हय, वजाबाकीवाल्या बाई?"

मी सहज विचारलं, यंदा टोळ्या कधी येतील. म्हणाले, "थांबा." आणि गल्ल्याखालून उधारीच्या वह्या काढल्या. लाल कापडी पुठ्ठ्याच्या, लांबट. टोळी उतरली की पहिल्याच दिवशी बायका मीठ-मिरची-तेल उधारीवर नेतात. त्यामुळे प्रत्येक वर्षी टोळी कुठल्या तारखेला आली ते वहीत आहे. कुठल्या गावची, मुकादम कोण, कुटुंबं किती. आणि जाताना हिशेब मिटवला ती तारीख. मला वाटलं होतं या तळावर कशाची नोंदच नाही. वह्या २००९पासूनच्या आहेत.

त्यात आणखी एक गोष्ट निघाली, तिथे मी थोडी बसलेच. नावांपुढे ओळखीसाठी त्यांनी खुणा केल्यात. 'बैल एक शिंगी'. 'बायको तोतरी'. आणि बऱ्याच नावांपुढे 'पोरगी वर्गात जाती'. अण्णा म्हणाले, तुमच्या वर्गाला पोरं येताना पेन्सिली घ्यायला यायची ना, त्यावरनं लिवलं. वर्ग बंद होता त्या वर्षांच्या वहीत ती खूण नाही.

एफ.वाय.वालीनं पटापट मोबाईलवर तारखा उतरवल्या. चौदा-पंधरा वर्षांच्या. मागे-पुढे होतात, पण त्यांच्या परीक्षेचं वेळापत्रक शेजारी ठेवलं तर दिसतं की टोळ्या उतरल्यावर पहिले तीन आठवडे कॉलेजची मुलं हलू शकतच नाहीत. मग तिथल्या तिथे ठरलं की ते तीन आठवडे शिकवायचंच नाही. गावातच राहणाऱ्या दोघी, म्हणजे होस्टेलवर नसलेल्या, फक्त नावं लिहायला आणि पाट्या बघायला जातील. पाचट, तुमचा कागद. नाव, गाव, काय येतं. हमी पत्रक आहे का. वर्ग सुट्टीनंतर. मार्चमध्ये प्रॅक्टिकल लागली की एक दिवसाआड. वर्षभर चालतो असं कुणाला सांगायचं नाही.

आणि नोंदींची वही पेटीत ठेवायची नाही, अण्णांच्या उधारीच्या वहीशेजारी ठेवायची, हे अण्णांनीच सांगितलं. "पेटीतलं कोण बघतंय? हितं रोज हात जातोय माझा." आडवे, तुमच्या शंकेचं उत्तर कदाचित हे असेल, कदाचित नसेल. अण्णा सत्तरीला आलेत. मुलगा दुकानात बसतो, पण त्याचा जीव मोबाईल रिचार्जमध्ये जास्त. तो पुढे वही लिहील की ॲपवर उधारी ठेवील, माहीत नाही.

टी.वाय.च्या दोघांना मी १२ नंबरची सतरंजी सांगितली. एकानं लगेच विचारलं, "म्हणजे मी शिकवायचंच नाही?" चेहरा पडला त्याचा.

---

खोली नंबर १२ | रविवार, रात्री ११:१२

पडू दे. माझाही पडला होता. पेटी उघडली का? आत काय होतं?

---

चिंचेचा पार | रविवार, रात्री ११:२०

उघडली. अकरा पाट्या, त्यातल्या चार फुटक्या. बंद पडलेली आमची बॅटरी. पुढच्या कुठल्यातरी बॅचचं बॅनर, त्यावर उद्घाटकांचे फोटो, उंदरांनी कुरतडलेलं. पेन्सिल एक नाही.

झाकणावरचा माझा नंबर काढला नाही. त्याखाली एफ.वाय.वालीनं तिचा लिहिला, आणि त्याखाली दुकानाचा.

---

पाचट | सोमवार, पहाटे ५:२५

पाटीच्या पेन्सिलीचे दोन डबे आणि वीस पाट्या पाठवतो. दुकानाचा पत्ता मेसेज करा.